तीन माणसांचा बांध

ठाण्याच्या खाडीला लागून कोलशेतात सगुणाचं घर होतं. नवरा भिवा मिठागरात राबून राबून गेला. मागे राहिले मुलगा गोविंदा आणि सून जया. सन एकावन्नच्या शिमग्याआधी जमीनमालकाचा कारकून गावात सांगून गेला की भरतीचं पाणी शिरणाऱ्या पडीक खाजणाला ज्याला जमेल त्यानं बांध घालावा. पौर्णिमेचं उधाण येऊन गेल्यावर जेवढी जमीन कोरडी दिसेल, तेवढी त्याला कसायला मिळेल.

सगुणाचा दीर गोपीनाथ. त्याच्याकडेही माणसं तीनच, पण त्यानं थेट खाडीकडच्या शेवटच्या तिवराच्या झाडापर्यंत खुंट्या ठोकल्या आणि वहिनीचं बघायला आला.

"वयनी, तुजी खुंटी कुटं?"

सगुणानं बोट दाखवलं.

"ह्ये शेत हाय का परसातलं आळं? म्हैस बसली तर शेपटी भायेर ऱ्हाईल."

"अष्टमीपासून पुनवंपत्तुर दिस आठ. मानसं तीन. एका मानसाचा दिसाला आठ हात बांध होतो. त्याच्यापुढची खुंटी तुना लखलाभ."

गावाला सगुणाचं पटलं. आवाक्यातलं बघणारी बाई, असं जो तो म्हणाला. तिनं धरलेलं तिसरं माणूस म्हणजे जया, आणि जयाला आठवा सरत होता, हे कुणी बोललं नाही.

गोविंदा फावड्यानं चिखलाची ढेकळं कापायचा, जया ती पोटाशी धरून आणायची, सगुणा रचून टाचेनं दाबायची. पाचव्या दिवशी जया मध्येच खाली बसली.

"आत्याबाई, पायाला गोळं येतान."

"बसून येतान. उबी ऱ्हा."

"आये, तिला एक दिस घरी ऱ्हाऊ दे," गोविंदा म्हणाला. "खुंटी आठ हात मागं घेऊ."

सगुणानं मान वर केली नाही. "आठ हात म्हंजे म्हैन्याचा तांदूळ. तुजी बायको जेवती ना? मग उचल म्हनावं."

जयानं उचललं.

सातव्या दिवशी गोपीनाथ आला. त्याचा बांध निम्मासुद्धा झाला नव्हता. "वयनी, गोविंदाला अर्दा दिस दे."

"म्हशीला सांग," सगुणा म्हणाली.

पौर्णिमेच्या सकाळी ओहोटीला बांधाचं तोंड तेवढं बुजवायचं राहिलं होतं. भर दुपारी पाणी येणार. जयाच्या हातातलं ढेकूळ खाली पडलं.

"आत्याबाई, कळा येतान."

सगुणानं आधी खाडीकडे पाहिलं, मग उघड्या तोंडाकडे. "पयली खेप हाय, रातपत्तुर लागंल. हळूहळू घरी जा. वाटंत कमळाबाय सुइनीला हाक मार."

"एकटी?"

"गोविंदा आला तर पानी कोन अडवील, तुजा बाप?"

गोविंदा फावडं टाकून निघालाच होता.

"जा," सगुणा म्हणाली. "आठ दिस पान्यात घाल. तिनं पोटावर वाहिलेलं पन त्यातच."

तो थांबला. फावडं परत उचललं.

जया चिखलातून एकटी चालत गेली. दोनदा खाली बसलेली दिसली, मग तिवरांआड गेली.

दुपारी उधाण आलं. गोपीनाथच्या उघड्या बाजूनं शिरलं आणि त्याचा होता तेवढा बांधही घेऊन गेलं. सगुणाच्या बांधाशी पाणी माथ्याच्या वीतभर खाली येऊन थांबलं, तासभर राहिलं, उतरलं. आत जमीन कोरडी. बघायला आलेल्या गावकऱ्यांनी तिचं तोंडभरून कौतुक केलं. ती घाईनं घरी निघाली नाही. बांधाला कुठं चीर गेली का ते शेवटपर्यंत चालून पाहिलं.

घराच्या दारात कमळाबाई बसली होती. "मी पोचले तवा झालं व्हतं. वाटंतच, चिखलात. पोरगा व्हता. रडला नाय."

गोविंदा उंबऱ्यावर बसला तो बसलाच. सगुणानं पाय धुतले आणि सुनेच्या उशाशी गेली. जयाचं तोंड भिंतीकडे होतं.

"बांध टिकला," सगुणा म्हणाली. "उद्या कारकून येतो."

जया भिंतीकडे बघूनच बोलली.

"आत्याबाई, फुडल्या साली खुंटी फुडं नेनार?"

"नेनार."

"मानसं किती धरनार?"

"तीनच. चौथं मी धरलंच नव्हतं," सगुणा म्हणाली आणि पेज ढवळायला चुलीशी गेली.