भोंगीला दुःख मिळेना

जन्मल्या जन्मल्या तिने असा टाहो फोडला, की बाहेरच्या बाकावर पेंगणारा बाप ताडकन उठून म्हणाला, "कारखाना सुटला वाटतं!" त्या दिवसापासून पोरीचं नाव भोंगी पडलं. बाप लिफ्ट दुरुस्त करायचा, आई चष्म्याच्या दुकानात होती, आणि बिनलग्नाची आत्या घरी बसून सगळ्यांच्या चुका काढायची. एकुलती एक भोंगी लाडात वाढली. ती भांडी घासताना गायची, अभ्यास करताना गायची, रागावली तरी सुरात रागवायची. शाळा संपल्यावर तिने जाहीर केलं, की विद्यापीठात लोकप्रिय संगीत सादर करायची पदवी मिळते आणि ती आपण घेणार.

"लोकप्रिय व्हायला शिकवतात?" आत्या म्हणाली. "मग शिकवणारे का नाही झाले?"

पण भोंगीला प्रवेश मिळाला. माइक कसा धरायचा, टाळ्या थांबेपर्यंत नम्र चेहरा कसा ठेवायचा, दोन गाण्यांच्या मधे सहज सुचल्यासारखं काय बोलायचं, हे सगळं तिथे शिकवत. सहज सुचण्याची तालीम आठवड्यातून दोनदा असे आणि गैरहजर राहिलं तर गुण कापत.

गाणी लिहायला शिकवणाऱ्या सरांना मुलं 'खोलसर' म्हणत. कुणी काहीही गायलं, तरी ते डोळे मिटून म्हणत, "अजून खोल जा." भोंगीचं गाणं ऐकून त्यांनी मान हलवली.

"आवाज सुरेख आहे. पण जखम कुठे आहे?"

भोंगीने कोपर पुढे केलं. सायकलवरून पडल्याची खूण होती तिथे.

"आतली गं, आतली!"

वर्गात बाकीच्यांची सोय होती. एकाच्या आईबापांचा घटस्फोट झाला होता. त्याच्याकडे सगळे हेव्याने बघत. दुसऱ्याचं कुत्रं मेलं होतं. त्या एका कुत्र्यावर त्याने दोन सत्रं काढली. भोंगीच्या पदरी मात्र काहीच नव्हतं. बिचारी घरी येऊन दुःख शोधायला लागली.

"आई, तू मला कधी मारलंस का गं?"

"एकदा. पाठीवर डास बसला होता."

"बाबा, तुम्ही मला कधी नाकारलंत?"

बाप ओशाळला. "गेल्या आठवड्यात स्कूटर दिली नाही ना. चालेल का ते?"

"मी तुझी खरी आई आहे असं सांगून टाकू का?" आत्याने विचारलं. "गाण्याला बरं पडेल."

"तू गप्प बस!" आई आणि बाप एकदमच ओरडले.

शेवटी भोंगीने मनानेच गाणं रचलं. दारुडा बाप लेकीला झोपेत सोडून निघून जातो आणि दार उघडंच राहतं. तिचा खरा बाप खोकल्याचं औषधसुद्धा अर्धा चमचा घेणारा. पण खोलसरांच्या डोळ्यांना धार लागली. "हे खरं आहे," ते म्हणाले, "खोटं असं गाताच येत नाही." भोंगीने खरं सांगायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी वर्गातले सर्वात जास्त गुण मांडून टाकले होते. तिने तोंड मिटलं.

वार्षिक कार्यक्रमाला हेच गाणं शेवटचं ठेवलं. घरी तिने सांगितलं, की जागाच शिल्लक नाहीत. आत्या ऐकते होय? तिने कुठून तरी पास पैदा केले. भोंगी स्टेजवर आली तर पहिल्या रांगेत तिघं, बाप इस्त्रीच्या शर्टात. तरीही ती गायली, आणि वाईट हे, की फार छान गायली. सभागृह हुंदके द्यायला लागलं. सगळ्यात जास्त आत्याच रडली. "दादा, असा कसा रे तू?" असंही म्हणाली.

कार्यक्रम संपल्यावर खोलसरांनी बापाचा हात दोन्ही हातांत धरला. "परत आलात. फार मोठं मन लागतं त्याला."

बापाने लेकीकडे पाहिलं. लेक बुटांकडे बघत होती.

"हो सर," बाप म्हणाला. "चुकलं माझं. आता सोडली आहे."

गाणं फोनाफोनांवर फिरलं. एका इमारतीच्या वॉचमनने आत सोडण्याआधी बापाचा वास घेतला. दुसरीकडे यंत्राच्या खोलीची किल्ली द्यायला लोक का-कू करायला लागले. बाप कुणाला काही बोलला नाही. भोंगीलाही नाही. "तिला भाजी वाढ," एवढंसुद्धा आत्यामार्फत सांगायचा. भोंगी भांडी मुकाट्याने घासायला लागली.

तिने खोलसरांना खरं सांगून टाकलं. ते आधी लाल झाले, मग त्यांचे डोळे चमकले. "म्हणजे आता तुला खरी जखम आहे! ओली आहे तोवर लिही!"

ती लिहायला बसली. 'बाबा बोलत नाहीत' यापुढे एक शब्द सुचेना, आणि त्या तीन शब्दांना चाल लागेना. मग तिने कागद फाडला आणि थेट वॉचमनला गाठलं.

"काका, माझे बाबा कुठेही गेले नव्हते. दारूला शिवत नाहीत. मी खोटं गायले."

वॉचमनने डोळे पुसले. "केवढी गुणी लेक! बापाला किती सांभाळून घेतेस गं!"

"अहो, खरंच सांगतेय!"

"कळतं बाळ, सगळं कळतं."

बाप हत्यारांची पिशवी घेऊन जिन्यातच उभा होता. आधी त्याचे खांदे हलले, मग तो खो-खो हसत पायरीवर बसला. भोंगी शेजारी बसली. "बाबा, चुकलं माझं," ती म्हणाली आणि तिने भोकाड पसरलं. वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडून विचारलं, "लिफ्ट पडली का हो?"

शेवटच्या परीक्षेला भोंगीने साधं, उड्या मारत गायचं गाणं म्हटलं. 'तंत्र उत्तम, खोली नाही,' असा शेरा खोलसरांनी दिला आणि तिला दुसरा वर्ग मिळाला. आता ती लग्नांत, वाढदिवसांना गाते, लोक नाचतात. बापाला मात्र अजूनही अनोळखी माणसं लिफ्टमध्ये हळूच विचारतात, "सुटली का हो?" तो आधी समजावून सांगायचा. आता वाद घालत नाही. "प्रयत्न चाललाय," म्हणतो आणि त्यांचा मजला आला की दार उघडून देतो.