न चाखलेली भज्जी

भज्जीअक्का वासावरून मीठ ओळखायची. ऐकणाऱ्याला हे खोटं वाटेल, पण कर्नाटकातल्या आळंदजवळच्या आमच्या गावात ते सगळ्यांना ठाऊक होतं. येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, भज्जी, म्हणजे पालेभाज्या-शेंगांचं आंबट दाट कालवण, पहाटे घरी शिजवून शेतात न्यायची, कडब्याच्या खोपीत पाच पांडवांना नैवेद्य दाखवायचा आणि मगच जेवायचं. तोवर कुणी ती जिभेला लावायची नाही. मग मीठ कळायचं कसं? अक्का पातेल्यावर वाकायची, पदरानं वाफ तोंडाकडे ओढायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "उलीसं मीठ मागायलीय." चिमूटभर टाकून पुन्हा वाकायची. "आता गप झाली बघ."

ती आमच्या नात्यातली नव्हती. आमच्या भिंतीला लागून असलेल्या एका खोलीत एकटी राहायची. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, शेत तर नाहीच. वर्षभर ती लोकांच्या तुरी काढायला, ज्वारी खुरपायला जायची आणि तेव्हा तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष नसायचं. येळवसेच्या आदल्या दिवशी मात्र सहा घरांच्या बायका आपापल्या शेतातला पाला ओटीत घेऊन तिच्या दारात उभ्या राहायच्या.

पाला निवडताना तिच्यासमोर कुणाचं चालत नसे. चुका, मेथी, पालक, कांद्याची पात, हरभऱ्याचा कोवळा शेंडा; एकेक मूठ ती कन्नडमध्ये मोजायची आणि मराठीत बोलणी द्यायची. एकदा माझी आई जून देठांची मेथी घेऊन गेली.

"ही काय बाई, बैलाची वैरण आणलीस?"

"अक्का, एवढी बी वाईट न्हाई."

"मग जा, बैलाला इचारून ये. त्यो व्हय म्हणला तर टाकते."

मग ओल्या तुरीचे दाणे, वालाच्या शेंगा, वाटाणा, वांगी, आणि चिंचेच्या कोळात कालवलेलं हरभऱ्याचं पीठ. सहा घरांचं पातेलं एकच, आणि शेतात वाढायचीही तीच. स्वतः मात्र त्या दिवशी भज्जी खात नसे, आंबिलावर राहायची. "तुमी खाताना बघितलं की माझं भागतंय," म्हणायची. आमच्या तोंडांकडे इतकं निरखून बघायची की घास घेताना मला लाज वाटायची.

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मीच पहिली. गुलबर्ग्याला जाताना अक्का बसपर्यंत आली होती. माझा हात धरून म्हणाली, "शिक. पण शिकलेली माणसं ग्वाड ग्वाड खोटं बोलत्यात, तसली होऊ नगंस." मी मान हलवली. ते शब्द मी फार मनावर घेतले.

पहिली दोन-तीन वर्षं परीक्षांमुळे येळवसेला येता आलं नाही. त्यानंतरच्या वर्षी आले. पहाटे अक्का नेहमीसारखी पातेल्यावर वाकली, वाफ ओढली, आणि मीठ टाकलं. पुन्हा वाकली, पुन्हा टाकलं. शेतात पहिला घास घेतला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, इतकी ती खारट होती. मी इकडेतिकडे पाहिलं. सगळे मुकाट्यानं जेवत होते. अप्पांनी, माझ्या वडिलांनी, तर वाटी पुढे केली, "अक्का, आणखी वाढ." मला वाटलं, हे तर तिला फसवणं झालं. मी तिच्याजवळ जाऊन म्हणाले, "अक्का, मीठ लई झालंय."

मी हळू बोलले होते, पण ते सगळ्यांनी ऐकलं. अक्काच्या हातातली पळी तशीच राहिली. तिनं बोट बुडवून चाखलं. मग एकेका तोंडाकडे पाहत गेली.

"कामून कुणी बोललं न्हाई मला?"

तिनं पळी पातेल्याच्या काठावर ठेवली आणि मला म्हणाली, "तू बोललीस ते बरं केलंस." तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

घरी आल्यावर आईनं सांगितलं. अक्काला वास येईनासा होऊन तीन वर्षं झाली होती. जीभ शाबूत होती, म्हणून रोजचं कालवण ती चाखून नीट करायची. चुकायचं ते फक्त त्या एका दिवशी. "वर्सातनं एक दिस खारट खाल्लं तर काय मरतो का आपण?" आई म्हणाली.

पुढच्या वर्षी अक्का पातेल्याजवळ आली नाही. शेतातही आली नाही; गुडघ्याचं निमित्त केलं. भज्जी मी केली. नैवेद्य होताच, स्वतः जेवायच्या आधी, वाटी घेऊन धावत तिच्याकडे गेले. तिनं या वेळी आंबिलाचं नाव काढलं नाही. सावकाश खाल्ली, वाटी बोटानं पुसून घेतली.

"मीठ कसं झालंय, अक्का?"

"बराबर हाय, पोरी."

मी आनंदानं शेतात परतले आणि पानावर बसले. घास घेतला. गडबडीत मी मीठ टाकायचंच विसरले होते. सगळे मुकाट्यानं जेवत होते. अप्पांनी वाटी पुढे केली, "आणखी वाढ."

त्याच उन्हाळ्यात अक्का गेली. मी परीक्षेला बसले होते; मला पत्रानं कळलं.

नंतरच्या येळवसेला पाल्याच्या ओट्या आमच्या दारात आल्या. मी पातेल्यावर वाकले, पदरानं वाफ ओढली, डोळे मिटले. चुक्याचा आंबट वास आला, चिंचेचा आला. मिठाचं काहीच कळलं नाही. अंदाजानं टाकलं. शेतात वाढून झाल्यावर मी जेवायला बसले नाही. एकेका तोंडाकडे पाहत उभी राहिले. कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून वाट पाहिली. सगळे जेवत होते.