मामाच्या घराची शरीररचना

अकोल्यात डॉक्टर व्हायला आलेली पोरं गल्लोगल्ली भेटतात, पण राहत्या घराचा अख्खा मनुष्यदेह करून टाकणारी माझी भाची साऱ्या वऱ्हाडात एकच. चांदूर बाजारहून ती आमच्याकडे आली, ती मेडिकलची प्रवेशपरीक्षा पहिल्या खेपेला हुकल्यावर. वडिलांनी एकच वर्ष दिलं होतं. यंदा जमलं नाही तर डॉक्टरकी विसरून अमरावतीला मुकाट बीएस्सी. तिनं वाद घातला नाही. बॅग ठेवली आणि माझ्या बायकोला म्हणाली, "मामी, मागच्या वर्षी मी लय वाचलं. पण मेंदू कसा शिकते, थेच वाचलं नोतं."

मग तिनं तेही वाचलं आणि आमचे ग्रह फिरले. शेजारची क्लासची पोरं डोळे लाल होईस्तोवर जागायची. ही जेवण झालं की पांघरूण घेऊन गुडूप. बायकोला धास्ती, पोरगी वर्ष बुडवते की काय. एकदा तिनं हलवून विचारलंच, तर पांघरुणातून उत्तर आलं, "शिकलेलं झोपेतच पक्कं होते मामी. उठवू नोका, अभ्यास चालू हाय." धडा वाचला की ती पुस्तक मिटायची आणि जो सापडेल त्याला तो न बघता सांगत सुटायची. पुन्हा पुन्हा वाचलं की येतंय असं नुसतं वाटतं, आठवून सांगितलं तरच ते राहतं, असं तिचं म्हणणं. दारावर येणाऱ्या भाजीवाल्या मावशी मेथीची जुडी हातात धरून पचनसंस्था ऐकून गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "काल जठरापर्यंत आलो होतो पोरी. फुडं त्या भाकरीचं काय झालं?"

पण खरी कमाल घराची. मेंदूला शब्दांपेक्षा जागा चांगली आठवते, हे कळल्यावर तिनं आमचं घर वाटून टाकलं. हॉलमधल्या चार खुर्च्या म्हणजे हृदयाचे चार कप्पे, कूलर म्हणजे फुप्फुसं, स्वयंपाकघरातला फ्रिज म्हणजे किडनी. डोळे मिटून ती मनातल्या मनात घरभर फिरायची आणि वाटेत लागेल ते घडाघडा म्हणायची. मी कोण, असं मी हौसेनं विचारलं. "तुमी अपेंडिक्स, मामा. काम काही नाई, पण असते." बायको आठवडाभर हसत होती.

घोळ झाला दिवाळीच्या साफसफाईत. बायकोनं फ्रिज ओढून हॉलमध्ये खुर्च्यांशेजारी आणला आणि तो तिथंच शोभतो म्हणून ठेवला. दुसऱ्या दिवशी भाची सराव परीक्षेहून पाय आपटत आली. "मामी, फ्रिज काहून हलवला? माही सारी लघवी हार्टात घुसली ना!" आम्ही हसलो, आणि मग बघतो तर ती भिंतीकडे तोंड करून रडत होती. "यंदाबी गेलं तं बाबा नाई शिकवणार," एवढंच म्हणाली. बायकोनं पदर खोचला, मला उठवलं आणि फ्रिज होता तिथं नेऊन लावला. त्यानंतर आमच्या घरातली केरसुणीसुद्धा जागा सोडून हलली नाही.

परीक्षेच्या दिवशी भाचीला केंद्रावर सोडून मी भर उन्हात परतलो, तर बायको दार अडवून उभी.

"आत जाऊ नोका. पोरगी फिरून राहिली असन."

मे महिन्यातलं अकोल्याचं ऊन, आत कूलर, आणि पेपर सुटेपर्यंत आम्ही दोघं बाहेर ओट्यावर घाम पुसत बसलो. मला ते वेडेपणाचं वाटलं नाही.

तिला सरकारी कॉलेज मिळालं. पेढे घेऊन मी सगळी गल्ली पालथी घातली, आणि विचारणाऱ्याला, न विचारणाऱ्यालाही सांगितलं, की डोकं तिचं असलं तरी शरीर आमच्या घरचं आहे. एवढा अभिमान मला स्वतःच्या नोकरीचाही कधी वाटला नव्हता. तिच्या वडिलांनी फोनवर फक्त "पोरीनं करून दाखवलं" म्हटलं, तेही दोनदा.

आता घर फार शांत असतं. जठराच्या पुढं काय, हे आता भाजीवाल्या मावशी मला विचारतात आणि मला सांगता येत नाही. परवा भाचीचा फोन आला. "मामी, आता आमी खरं शरीर पाहून राहिलो. तुमी फ्रिज न्या आता हॉलमध्ये." बायकोची जुनी हौस ती. मी लगेच उठून फ्रिजला हात लावला, तर तिनं माझं मनगट धरलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "एखाद्या दिवशी तिथं करमलं नाई, अन् पोरगी डोळे मिटून घरी आली, तं सारं जागेवर सापडलं पाह्यजे तिले."