देविदासचं जपानी भोजनालय

वाटी गिऱ्हाइकापुढे ठेवताना देविदास ती दोन्ही हातांनी धरायचा आणि कमरेतून जरासा वाकायचा. सौंसरच्या बसस्टँडजवळ एवढी अदब कोणी कुणाला दाखवत नाही. नागपूरला संत्र्याचा माल टाकून परतलेले शेतकरी एकमेकांना कोपरानं ढोसत म्हणायचे, "काहो, पोरगी पाहाले आलो का आपन?" देविदासही हसायचा. दुकान बंद करून तो गाव सोडून गेला त्याला आता बराच काळ झाला, तरी त्याची आठवण निघाली की मी हळहळते. आणि थोडी चिडतेही.

पुण्याच्या एका जपानी हॉटेलात तो भांडी घासायला लागला आणि तिथल्या ओनो साहेबांच्या हाताखाली स्वयंपाकी झाला. आई अंथरुणाला खिळली तेव्हा सगळं सोडून परत आला. आमच्या घराखालची खोली भाड्यानं घेतली, चार बाकडी टाकली, पाटी लावली: 'जपानी भोजनालय'. भाव असे, की कचोरी खाणाऱ्यालाही परवडावेत. मी वरच्या मजल्यावर राहणारी शाळेतली बाई. खाली काय शिजतंय ते गावाआधी मला कळायचं. पहाटे कोंबडीच्या हाडांचं पातेलं मंद आचेवर चढायचं. दुपारपर्यंत त्याला उकळी म्हणून फुटू द्यायची नाही. त्या नितळ रश्श्यात नूडल्स, आणि आंबटपणाला बगिच्यात गळून पडलेल्या हिरव्या संत्र्यांचा रस. पहिला घोट मला आजाऱ्याच्या पेजेसारखा लागला. दुसऱ्या दिवशी मात्र मी न बोलावता खाली गेले. इतकं साधं आणि इतकं चवदार मी आजवर काही खाल्लं नव्हतं, खोटं कशाला बोलू!

पण गावाचं काय करणार? "बापा, हे त निरा पानी हाय. थोडी तर्री मार ना वरून," एकजण म्हणाला.

"हाव जी, होऊन जाते ना," देविदास म्हणाला. हे त्याचं ठरलेलं वाक्य. काहीही मागा, होऊन जाते ना! आधी तिखटजाळ, तेलकट तर्री आली, मग वर शेव आणि कांदा, मग भाकर. नितळ रश्श्याचं पातेलं लहान लहान होत गेलं आणि एके दिवशी चढायचंच बंद झालं.

मी जिन्यातूनच भांडायची. "अरे देवा, दुकान तुझं का त्यांचं? एकदा तरी नाही म्हणून बघ, जीभ नाही झडणार तुझी!"

"ताई, मानूस दिवसभर उन्हात राबून येते. त्याच्या तोंडावर नाई कसं म्हनाव? सोमवारपासून लावतो ना पातेलं."

असे किती सोमवार गेले!

मग ओनो साहेबांचा फोन आला. ते कायमचे जपानला निघाले होते. त्याआधी नागपूरहून गाडी करून सौंसरला यायचं, देविदासच्या हातचं खायचं आणि लगेच परतायचं, असा त्यांचा बेत. देविदास धापा टाकत जिना चढून आला. "ताई, साहेब येऊन राहिले! त्यांनी शिकवलेलं त्यांलेच खाऊ घालतो." त्या दिवशी पहाटे पातेलं चढलं. वास वर आला तसं मला भरूनच आलं.

भर दुपारी मोहगावच्या लग्नाची बस दारात थांबली. पोरांना गाडी लागली होती, उलट्या करून बेजार झाली होती. एक म्हातारी म्हणाली, "तिखट नोको रे बापू, लेकरांले काई फिकं दे." जे इतक्या दिवसांत कुणी मागितलं नव्हतं, ते नेमकं आज! "हाव जी आजी," म्हणत देविदास वाट्या भरू लागला. शेवटची वाटी उरली तेव्हा मी धावत खाली गेले.

"देवा, ही साहेबांची आहे. नाही म्हण!"

सगळ्यात धाकटं पोर आजीच्या खांद्यावर मलूल पडलं होतं. देविदासनं एकदा पातेल्याकडे पाहिलं, एकदा पोराकडे. "लेकरू हाय ना ताई," म्हणाला, आणि वाटी देऊन टाकली. मला राग आला, तरी त्या पोरासाठी चमचा मीच आणून दिला.

तासाभरात साहेब आले. नवा रस्सा व्हायला अर्धा दिवस लागतो. पुढे ठेवायला फक्त तर्री होती. म्हाताऱ्या साहेबांनी रुमालानं घाम पुसत पुसत सगळी वाटी संपवली. उठून हात जोडले आणि हसून म्हणाले, "बहुत अच्छा. बहुत अच्छा बना है." मग गाडीत बसून निघून गेले.

"बघ, उगाच जीव जाळत होतास," मी म्हटलं. "किती तारीफ केली साहेबांनी!"

देविदास रिकाम्या पातेल्यापाशी बसून राहिला होता.

"ताई, इतकी वर्सं त्यांच्या हाताखाली काढली. चांगलं झालं म्हून एकदाही म्हटलं नाई त्यांनी. मीठ जरासं इकडंतिकडं झालं का वाटी मागं सरकवत आन् म्हनत, फिर से बनाओ. रोज म्हनत. चांगलं त ते लोकांच्या घरी पाहुने गेले का म्हनत." त्यानं तोंड फिरवलं. "आज मले फिर से बनाओ नाई म्हटलं जी त्यांनी."