गुरुवारची चौकशी

मार्चच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहा वाजता माझी पत्नी गेली. मुलगी आणि मी तिच्याजवळ होतो. डॉक्टरांनी वेळ लिहून घेतली. मीही लिहून घेतली.

पोलीस खात्यात मी छत्तीस वर्षे काढली. त्यांतली सात अमली पदार्थ विरोधी पथकात गेली. तेव्हाच्या काही प्रकरणांना बरी प्रसिद्धीही मिळाली. पण आज कोणी "साहेब, एखादी केस सांगा" म्हणाले, की मला प्रथम आठवते ती पत्नी गेल्यानंतर दोन महिन्यांनी माझ्याकडे आलेली एक चौकशी. तिला गुन्हा क्रमांक नव्हता, पोलीस ठाणे नव्हते, आणि ती घडली नेदरलँड्समध्ये.

निवृत्तीनंतर आम्ही दोघे मुलीकडे बेस्ट या गावी राहायला आलो. आई-वडिलांना इथे राहण्याचा परवाना सहसा मिळत नाही. आमचा मिळवायला एक वकील आणि दोन वर्षे लागली. बेस्ट हे आइंडहोवनला लागून आहे. आजूबाजूच्या कंपन्यांत पुण्या-मुंबईचे इतके इंजिनिअर आहेत, की सुपरमार्केटच्या रांगेत मराठीतून कोणाला नावे ठेवण्याची सोय राहिलेली नाही.

त्या मे महिन्यात ही मंडळी एकाच विषयावर तावातावाने बोलत होती. या देशात कॉफीशॉप नावाच्या दुकानांत गांजा मिळतो, हे सर्वांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते हे, की दुकानात विकायला मुभा होती, पण दुकानदाराने माल आणायचा कुठून, याला कायद्यात उत्तर नव्हते. पुढच्या दाराने गिऱ्हाईक उजळ माथ्याने यायचे आणि मागच्या दाराने माल चोरून. आता सरकारने काही ठरावीक शहरांत प्रयोग सुरू केला आहे. तिथे परवानाधारक उत्पादकांचा, प्रयोगशाळेत तपासलेला, सीलबंद पाकिटातलाच गांजा विकायचा. आमच्यापासून ट्रेनने अर्ध्या तासावर असे एक शहर आहे.

एका रविवारी मराठी मंडळाच्या बैठकीत हाच विषय निघाला.

"म्हणजे आता सरकारी गांजा," मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या. "रेशनकार्डावरच द्या म्हणावं."

"ताई, प्रत्येक पाकिटावर कोड असतो," एक चाळिशीतला इंजिनिअर म्हणाला. "आपल्या मशीनच्या पार्टसारखा. कुठून आलं ते सगळं ट्रेस होतं."

"तुला बरं ठाऊक."

"बातम्यांत वाचलं हो."

"वाचण्यावर थांबलास तर बरं."

सगळे हसले. आमच्या गावातही असे दुकान येणार अशी अफवा होती, म्हणून नगरपालिकेला विरोधाचे पत्र द्यायचे ठरले. पहिली सही माझी असावी, खाली 'निवृत्त पोलीस निरीक्षक' असे लिहावे, असा आग्रह झाला. मी लगेच होकार दिला. गांजापायी उद्ध्वस्त झालेली घरे मी पाहिली होती आणि माझे मत पक्के होते.

दोन दिवसांनी नाशिकहून माझ्या पोलीस अकादमीतल्या बॅचमेटचा फोन आला. त्याची मुलगी पुण्यात नोकरी करते. तिचे लग्न बेस्टमधल्या एका इंजिनिअरशी ठरत आले होते आणि ते स्थळ मीच सुचवले होते. मुलगा एकोणतीस वर्षांचा, शांत, आमच्याकडे येणारा-जाणारा. पत्नीच्या आजारपणात तो घरी कढवलेल्या साजूक तुपाचा छोटा डबा तिच्यासाठी घेऊन यायचा. परदेशात एकटा राहणारा मुलगा स्वतः तूप कढवतो, ही गोष्ट मी बॅचमेटला मुद्दाम सांगितली होती.

"तुझा तूपवाला मुलगा गांजा ओढतो म्हणे," तो म्हणाला.

"कोण म्हणतं?"

"तुमच्या मंडळाच्या अध्यक्षबाई. त्यांची बहीण आमच्या सोसायटीत राहते. त्या दुकानातून बाहेर पडताना पाहिलाय त्याला. दोनदा, आणि दोन्ही वेळा गुरुवारी."

"अरे, इथे ते कायद्यात बसतं."

"बसू दे. माझ्या घरात बसत नाही. पोरगी म्हणते, करीन तर त्याच्याशीच. तू चौकशी कर. तुझा रिपोर्ट चांगला आला तर साखरपुड्याची तारीख धरतो. नाहीतर विषय संपला."

आपल्याकडे स्थळाची चौकशी करायला ओळखीचा माणूस शोधतात. पोलिसाच्या मुलीसाठी पोलीस शोधला गेला, एवढाच फरक. मुलाची बदनामी मंडळात पसरायला आठवडा पुरला असता, म्हणून मी त्याच दिवशी कामाला लागलो.

खबर आली की आधी खबर देणारा तपासायचा, हा माझा नियम होता. मी अध्यक्षबाईंकडे चहाला गेलो.

"पाहिलं ते सांगा," मी म्हणालो. "वाटलं ते नको."

"समोरच्या बेकरीत बसले होते मी. ह्यांचं ऑफिस त्याच शहरात आहे ना, गुरुवारी मी पण जाते. तो बाहेर आला, पाकीट कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि स्टेशनकडे गेला."

"ओढताना पाहिलंत?"

"ओढणारच ना काका. लोणचं घालणार आहे का त्याचं?"

"कधीची गोष्ट?"

"जानेवारी-फेब्रुवारी. थंडी मरणाची होती."

बाई खोटे बोलत नव्हत्या. पाहिलेले आणि वाटलेले त्यांनी एकत्र करून बहिणीला पाठवले होते, एवढेच. दहातले आठ साक्षीदार हेच करतात.

शनिवारी सकाळी मी मुलाला कालव्याकाठी फिरायला बोलावले. ठाण्यात मी संशयिताला खुर्ची द्यायचो, पण घरच्या माणसाला विचारायचे तर चालत विचारावे. दोघेही समोर पाहत असतात, त्यामुळे नजर चुकवावी लागत नाही.

"त्या दुकानात गेला होतास?"

"हो काका."

"किती वेळा?"

"सात."

"ओढतोस?"

"नाही."

"मग पाकिटं कोणासाठी?"

"ते मला सांगता येणार नाही."

"तुझं लग्न मोडेल. माहीत आहे ना?"

"माहीत आहे. तिला मी एवढंच सांगितलंय की माझ्यासाठी नव्हतं. ती म्हणाली, ठीक आहे."

"शेवटचा कधी गेलास?"

"फेब्रुवारीच्या शेवटच्या गुरुवारी."

"त्यानंतर?"

"त्यानंतर गरज नव्हती."

खोटे बोलणारा माणूस उत्तर सजवतो. बसचा नंबर सांगतो, हवामान सांगतो. या मुलाने एकही शब्द जास्तीचा वापरला नव्हता. स्वतःला वाचवायला गप्प बसणारा घामाघूम होतो. हा दुसऱ्या कोणाला तरी वाचवत होता आणि त्याची किंमत त्याने आधीच मान्य केली होती. असे आरोपी मला नोकरीत तीन-चारच भेटले. त्यांच्याकडून काही वदवता येत नाही. तपास दुसरीकडे न्यावा लागतो.

घरी आलो आणि कपाटातली वही काढली. पत्नीच्या आजारपणात मी स्टेशन डायरीसारखी एक वही ठेवली होती. तारीख, वेळ, औषध, ताप, काय खाल्ले. मला फक्त तो मुलगा जानेवारी-फेब्रुवारीत आमच्याकडे कोणकोणत्या दिवशी आला होता, ते पाहायचे होते, कारण येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंदही मी करत असे.

जानेवारीच्या मध्यापासून तो दर गुरुवारी आला होता. 'सायं. ६.३०, तुपाचा डबा.' अशा सात नोंदी होत्या.

मग मी त्याखालच्या ओळी वाचल्या. इतर दिवशी लिहिले होते, 'वरणभात दोन घास, उलटी' किंवा 'काही घेतले नाही'. आणि त्या सात गुरुवारी, 'सायं. ८.००, उपवास सोडला. वरणभात, अर्धी पोळी. लोणचे मागितले.' आजारातही तिने दत्ताचा गुरुवार सोडला नव्हता. मी सातही नोंदींपुढे लाल पेनाने 'गुरुकृपा' असे लिहून ठेवले होते.

मुलगी दुपारी बाजार करून आली. सायकल लावून ती पिशव्या घेऊन आत आली तेव्हा वही टेबलावर उघडी होती. तिने ती पाहिली आणि पिशव्या खाली ठेवल्या.

"त्यानं सांगितलं?" तिने विचारले.

"त्यानं काही सांगितलं नाही. मी विचारतोय. त्या तुपात काय होतं?"

"तुम्हाला कळलंय, बाबा."

"डॉक्टरांच्या औषधाबरोबर हे?"

"डॉक्टरांना विचारूनच. डिसेंबरमध्ये त्यांनी विषय काढला होता, आठवतं? मळमळ थांबेल, भूक लागेल, औषधाच्या दुकानात मिळतं, लिहून देतो म्हणाले. आई काही बोलायच्या आत तुम्ही म्हणालात, मी पोलीस अधिकारी होतो, आमच्या घरात हे चालणार नाही."

मला आठवत होते. डॉक्टरांनी पत्नीकडे पाहिले होते आणि ती हसली होती. तिलाही ते पटले, असे मी समजलो होतो.

"नंतर मी एकटी डॉक्टरांकडे गेले," मुलगी म्हणाली. "पण औषधांची यादी तुम्ही ठेवायचात, दुकानातून तुम्हीच आणायचात. मग म्हटलं, जिथे तपासलेलं मिळतं तिथून आणू. कुठलंही काहीतरी मी आईला दिलं नसतं. त्याचं गुरुवारी दुपारपर्यंत त्या शहरात काम असायचं. तो आणायचा आणि त्याच्याच घरी तूप करायचा. आपल्याकडे ठेवणार कुठे? कपाटं तुम्ही लावता."

"आणि गुरुवारीच का?"

ती पिशवीतली भाजी उगाच काढू लागली.

"आईनं ठरवलं होतं. रोज खाल्लं तर त्यांना संशय येईल, म्हणाली. गुरुवारी खाल्लं तर उपवासाचं पुण्य समजतील."

"मला सांगायचं नाही असं ती म्हणाली?"

"ती म्हणाली, ते नाही म्हणतील, आणि नाही म्हटल्याचं त्यांना नंतर फार लागेल."

गांजाचा वास मी बंद ट्रकमधून ओळखत असे. तो माझ्याच स्वयंपाकघरात हिंगाच्या फोडणीखाली गेला, आणि डबा आला की ते तूप गरम दुधातून तिला द्यायचो मी. पण मला लागले ते हे नाही. आठवड्यातून एक दिवस ती जेवली. उरलेले सहा दिवस ती जेवू शकली असती.

त्याच संध्याकाळी मी नाशिकला फोन केला.

"चौकशी पूर्ण झाली," मी म्हणालो. "मुलगा ओढत नाही. दुकानात सात वेळा गेला हे खरं. पाकिटं माझ्या घरासाठी होती."

"तुझ्या घरासाठी?"

"माझ्या बायकोसाठी. तिला अन्न जात नव्हतं."

पलीकडे कोणीतरी टीव्ही बंद केला.

"तू आणायला सांगितलंस?"

"मी डॉक्टरांना नाही म्हटलं होतं. म्हणून त्याला आणावं लागलं. तिनं कोणाला सांगू नको म्हटलं होतं, तर त्यानं माझ्यासमोरही तोंड उघडलं नाही. लग्न मोडायला तयार होता."

"अरे, मुलगा निर्दोष आहे एवढं म्हणाला असतास तरी मी मानलं असतं. वहिनींचं कशाला सांगितलंस?"

"अध्यक्षबाईंनी पाहिलंय ते खरं आहे. त्याचं खरं कारण दिल्याशिवाय त्याच्यावरचा डाग जाणार नाही. आणि अर्धा जबाब मी कधी कोर्टात दिला नाही."

तो म्हणाला, "वहिनींच्या हातचं जेवण मी अकादमीपासून जेवलोय रे." आणि फोन ठेवला. चार दिवसांनी त्याने साखरपुड्याची तारीख कळवली.

पत्राचे काम राहिले होते. पुढच्या रविवारी ते सहीसाठी माझ्यापुढे आले. शाळेजवळ दुकान नको, ही मागणी मला आजही योग्य वाटते. पण दुसऱ्या परिच्छेदात लिहिले होते, की आमच्या समाजातील कोणतेही कुटुंब या पदार्थाचा वापर करत नाही.

"हे वाक्य काढा," मी म्हणालो. "मग सही करतो."

"का हो काका?" अध्यक्षबाईंनी विचारले.

"खोटं आहे म्हणून."

"तुमच्याकडे पुरावा आहे?"

"आहे. माझं घर."

मी सगळे सांगितले. वही सांगितली, गुरुवार सांगितले, मुलाचे नाव सांगून त्याने काय केले तेही सांगितले. बोलताना माझा आवाज नेहमीसारखाच होता. शेवटी एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "आजारपणाची गोष्ट वेगळी." कोपऱ्यातली एक बाई म्हणाली, "वेगळी कशी? पत्रात तर तसं लिहिलेलं नाही." त्यावर अर्धा तास वाद झाला. अध्यक्षबाईंनी पेन काढून ते वाक्य स्वतः खोडले, आणि निघताना मागच्या रांगेत बसलेल्या त्या मुलापाशी जाऊन काहीतरी बोलल्या. काय, ते मी विचारले नाही. सही मी केली. 'निवृत्त पोलीस निरीक्षक' हे शब्द मात्र लिहिले नाहीत.

लोक मला विचारतात की गांजाला परवानगी असावी की नसावी. माझे उत्तर अजूनही सोपे नाही आणि ते सोपे करण्याची घाईही मला नाही. या प्रकरणाने मला शिकवले ते कायद्याबद्दल नाही. माणसे गुन्हा लपवतात असे मी छत्तीस वर्षे मानत आलो. घरात माणसे गरजही लपवतात, आणि ज्याच्यापासून लपवतात त्याच्या स्वभावाचा अभ्यास करून लपवतात. माझ्या पत्नीने माझा तपास माझ्यापेक्षा चांगला केला होता.

त्या दोघांचे लग्न झाले. ते आमच्यापासून सायकलने दहा मिनिटांवर राहतात. माझी मुलगी सकाळी कामावर जाते आणि संध्याकाळी येते. दुपारी मी एकटा जेवतो.