गलाईच्या तराजूवर इंटिग्रल

नव्वदीतली गोष्ट. सांगलीच्या कॉलेजात मी गणित घेऊन शेवटच्या वर्षाला होतो. विट्याकडच्या पोरांचं जे ठरतं तेच माझंही ठरलं होतं: परीक्षा झाली की दक्षिणेत मामांच्या गलाईच्या दुकानात सोनं गाळायला जायचं. मला जायचं नव्हतं, पण तोंड उघडायची छाती नव्हती.

त्यात एका इंटिग्रलनं पिच्छा पुरवला. अर्ध्या घंटेसारखी रेषा, उतरत उतरत अनंतापर्यंत जाते आणि कुठंच टेकत नाही. तिच्याखालचं क्षेत्रफळ पुस्तकात दिलं होतं, पायचं (π) वर्गमूळ. मी पट्ट्या पाडून बेरीज केली तर बरोबर त्याच्या निम्मं येई. सर म्हणाले, "पुस्तक चूक आणि तू शहाणा?" असा राग आला!

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मामा-मामी गावी आले. मामांनी पुजायला सोबत आणलेला काचेच्या पेटीतला तराजू बघून मला सुचलं. त्याच रात्री जाड कागदावर रेषा काढून तिच्याखालचा भाग कापला, त्याच मापानं एक बाय एकचा चौरस कापला. रेषेचं शेपूट इतकं बारीक होतं की पुढचं सोडून दिलं.

"सोनं सोडून कागूद जोखाय लावतोस व्हय रं?" दुसऱ्या दिवशी मामा हसले, पण बसले.

माझं उत्तर एकाहून थोडं कमी, पुस्तकाचं पावणेदोनाच्या वर; म्हणजे माझ्या हिशेबानं चौरस जड भरायला हवा. पारडं झुकलं रेषेकडं. जरासंच, म्हणजे पुस्तकाचंही उत्तर नाही आणि माझंही नाही. माझं तोंडच उतरलं.

मग ध्यानात आलं. सकाळी तराजू पुजताना मामीनं शेजारी ठेवलेल्या रेषेच्या कागदालाही हळदीकुंकवाची ओली बोटं लावली होती. दसऱ्याला आमच्याकडं विळ्यापासून सायकलीपर्यंत सगळ्याला हळदकुंकू असतं. त्याला वजन असतं हे कुणाच्या डोक्यात येणार!

दोन्ही कागद नव्यानं कापले. मामांनी चिमट्यानं बारीक वजनं टाकत काटा मध्यावर आणला. माझंच उत्तर निघालं. "पायच्या वर्गमुळाच्या निम्मं!" म्हणत मी उड्याच मारल्या.

मामा मात्र कागद न्याहाळत होते. "पाय म्हंजी वर्तुळाचा न्हवं? शाळंत हुता. मग ह्यात वर्तुळ कुठं हाय?"

"आवं मामा, त्येच तर कळंना. लय दिस झालं, डोक्यातनं जाईना."

मामांनी तराजू पेटीत ठेवला.

"मग दुकानात तुजा काय उपेग, गड्या? मुशीत सोनं उकळंल आन् तू वर्तुळ हुडकत बसशील. तू शीक पुढं. आईला तुज्या मी सांगतो."