सोरायदा कायिर्गोसने कॉम्प्युटर जोडला

कोमास वस्तीच्या चढावर, पाण्याच्या टाकीखालच्या गल्लीत सोरायदा कायिर्गोसचं केस कापायचं दुकान आहे. त्याच दुकानात खिडकीजवळ टेबल टाकून मी बायकांची नखं रंगवते. सोरायदा पन्नाशीला टेकलेली, नवरा कधीच सोडून गेलेला, मुलगी लग्न करून चिलीला. तोंडाची फटकळ, हाताची हलकी. आणि नाद एकच, गेमचा.

मुलगी गेल्यावर घर खायला उठायचं, म्हणून ती संध्याकाळी दुकान बंद करून समोरच्या आन्सेल्मोकाकांच्या इंटरनेट कॅफेत जाऊन बसायला लागली. पाच विरुद्ध पाच असा लढाईचा गेम. सोरायदाचं काम मलमपट्टीचं. आपला गडी जखमी झाला की धावत जायचं आणि त्याला उभं करायचं. तिथे तिने नाव घेतलं ‘कात्री’. संघात त्रुहियोची एक नर्स, कुस्कोचा टॅक्सीवाला रेनान आणि ग्वायाकिलच्या दोघी बहिणी. एकमेकांचे चेहरे कुणी पाहिले नव्हते, पण आवाजावरून कोण उपाशी आहे तेसुद्धा त्यांना कळायचं.

मग आन्सेल्मोकाकांनी कॅफे बंद करायचं ठरवलं. पोरं आता मोबाइलवरच खेळतात, भाडंसुद्धा निघत नाही म्हणाले. नेमकं त्याच महिन्यात संघाने एका मोठ्या स्पर्धेत नाव दिलं होतं.

सोरायदाने रेनानला फोन लावला. “माझ्या जागी दुसरं कुणीतरी बघा.”

“कात्री नसेल तर आम्हीही नाही,” तो म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी ती एका गिऱ्हाइकाच्या केसांना रंग लावता लावता मला म्हणाली, “मी कॉम्प्युटर घेतेय.”

“तयार घेऊन टाक की, हप्त्यावर मिळतो.”

“तयार डबा म्हणजे बाहेरून जत्रा, आतून उपास. एकेक वस्तू निवडून मीच जोडणार.”

“तुला येतं?”

“केस कापायला तरी पोटातून शिकून आले होते का?”

त्यानंतर दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती व्हिडिओ बघत बसायची. पैसे होते, पण बेताचे. दुकानाला नवी खुर्ची घ्यायची म्हणून साठवलेले. खुर्ची राहू दे म्हणाली, अजून बसता येतंय तीवर.

एका सोमवारी आम्ही विल्सनच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो. तिथल्या गाळ्यांत खांद्याला खांदा घासत चालावं लागतं आणि प्रत्येक काउंटरवरून कुणीतरी हाका मारत असतं. पहिल्याच पोऱ्याने विचारलं, “मुलासाठी का, मावशी?”

“मुलगा नाही मला. माझ्यासाठी.”

त्याने काचेचं एक कॅबिनेट पुढे ओढलं. आत सप्तरंगी दिवे फिरत होते. मला तर फारच आवडलं.

“हे दिवे गेम पळवतात का?” सोरायदाने विचारलं.

“नाही, पण शोभा...”

“शोभा माझ्या दुकानात पुष्कळ आहे. पत्र्याचा डबाही मला आन्सेल्मोकाका फुकट देतायत.”

तिचा हिशोब सरळ होता. चित्र उभं करतं ते ग्राफिक्स कार्ड, म्हणून सगळ्यात जास्त पैसा तिथे. पण काकांकडूनच मिळणारा मॉनिटर जुना आणि लहान, त्यामुळे सगळ्यात महागड्या कार्डाचा उपयोग नाही. प्रोसेसर मधला. मदरबोर्ड असा, की पुढे कधी वरचा प्रोसेसर घेतला तर त्यावर बसेल. रॅम एका मोठ्या पट्टीऐवजी दोन लहान, जोडीने वेगात चालतात म्हणून. पॉवर सप्लायमध्ये मात्र काटकसर नाही. “आपल्या चढावर वीज कशी नाचते ठाऊक आहे ना? हा स्वस्तातला घेतला तर जाताना बाकीच्यांनाही घेऊन जाईल.”

कार्ड जुनंच घ्यायचं होतं, नवं परवडत नव्हतं. एकजण चालवून दाखवायला तयार होईना. “विश्वास ठेवा की, ताई.”

“माझी गिऱ्हाइकं माझ्यावर ठेवतात, कारण त्यांच्यासमोर आरसा असतो,” सोरायदा म्हणाली आणि पुढे निघाली.

वरच्या मजल्यावर मारिबेल नावाची एक बाई भेटली. तिने न कुरकुरता कार्ड लावून गेम सुरू केला. थोड्या वेळाने पडद्यावर रंगीत ठिपके दिसायला लागले. मारिबेलने स्वतःच ते काढून बाजूला टाकलं आणि दुसरं लावलं. ते तापलं, पण ठिपके आले नाहीत.

“शेवटचा भाव?” सोरायदाने विचारलं.

“तुम्ही माझे केस बघून हसलात मघाशी. केस कापता म्हणालात ना? फुकट कापून द्या, मग कमी करते.”

सोरायदाच्या पिशवीत कात्री असतेच. तिथेच, काउंटरच्या मागे, मारिबेलचे केस कापले गेले. शेजारचे दुकानदार गोळा झाले होते.

घरी आल्यावर मात्र घोटाळा झाला. काकांच्या जुन्या डब्यात कार्ड बसेना. समोर डिस्क ठेवायचा लोखंडी पिंजरा आडवा येत होता, बोटभर जागा कमी पडत होती. मी म्हटलं, “कार्ड परत देऊ या.” सोरायदा डब्याकडे बघत पायरीवर बसून राहिली. मग उठली, मदरबोर्ड पुन्हा सुटा केला, रिकामा डबा काखेत मारला आणि कुलपं बनवणाऱ्या इलारियोकडे गेली.

“हा पिंजरा उडव.”

“अहो, नवा डबा घ्या की!”

“तू ड्रिल चालव. कडा घासून दे, आणि लोखंडाचा कण जरी आत राहिला तर तुझ्या भांगात वस्तरा फिरवीन.”

इलारियोने पिंजऱ्याचे रिव्हेट उडवले. सोरायदाने ब्लोअरने डबा झाडला, पुसला, पुन्हा झाडला. संध्याकाळी दुकानाच्या आरशासमोर तिने सगळं जोडलं आणि बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा उजळला. आन्सेल्मोकाका, इलारियो आणि अर्धी गल्ली दारात उभी होती.

स्पर्धा रविवारी दुपारी होती. कॅफेत अडखळत चालणारं चित्र इथे पाण्यासारखं वाहत होतं. सोरायदाला आता धोका आधी दिसायचा. शेवटच्या सामन्यात दोघी बहिणी पडल्या, नर्स पडली, रेनानही जमिनीवर. ती एकटी भिंतीआड. माझ्या हातातला चिचाचा, मक्याच्या सरबताचा, पेला तसाच राहिला. समोरचे तिला शोधत एका बाजूने गेले, ती दुसऱ्या बाजूने सुटली. आधी रेनान उठला, मग नर्स, मग दोघी बहिणी. आणि पाचजण मागून त्यांच्यावर तुटून पडले.

“कात्री! कात्री!” हेडफोनमधून येणारा रेनानचा आवाज मला खिडकीजवळ ऐकू येत होता.

सोरायदा खुर्चीवरून उठली आणि तिने मला उचलूनच घेतलं. इलारियो रस्त्यावर जाऊन ओरडला, “आपली सोरायदा जिंकली!” पिकारोनेसचे गोड वडे विकणाऱ्या शेजारणीने तेलाचं पातेलं चुलीवर चढवलं, आणि त्या दिवशी आमच्या गल्लीत कुणीही पैसे देऊन खाल्लं नाही.